सातवा बोया

मला मथुराबाईच्या जाळ्यातून बाहेर काढायला जवळजवळ दीड तास लागला. त्यातला एक तास भांडणात गेला.

लोक अजून विचारतात, दामू, या वयात तू खाडीत करत काय होतास? तर सांगतो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. सजवून सांगायला मला येत नाही. जसं झालं तसं लिहितो, हसायचं असेल त्याने हसावं. गावाने हसून घेतलंच आहे.

आमचं गाव बोईसरच्या पश्चिमेला, खाडीच्या काठी. चिकूची थोडी झाडं, पाच नारळ, कौलारू घर, आणि घरात मी. माझी बायको सुमन गेली त्याला तेव्हा अकरा महिने झाले होते. मुलगी वैशाली पालघरला शाळेत शिकवते. तिथे दुसऱ्या मजल्यावर तिचा फ्लॅट आहे. अकरा महिने दर रविवारी ती यायची, केर काढायची आणि एकच वाक्य बोलायची.

"पपा, आईचं वर्षश्राद्ध झालं की घराला कुलूप लावायचं आणि तुम्ही माझ्याकडे यायचं."

"बघू," मी म्हणायचो.

असं बरंच चाललं. मग एका रविवारी तिने सांगितलं की माझ्यासाठी पलंग घेतला आहे. पलंग घेतल्यावर "बघू" चालत नाही.

मला जायचं नव्हतं. फ्लॅट वाईट नाही, जावई वाईट नाही, पलंगही चांगला असणार. पण तिथलं स्वयंपाकघर सुमनचं नाही. एवढंच कारण. ते तोंडाने सांगायला मला जमेना, म्हणून मी म्हणायचो की लिफ्टमध्ये मला चक्कर येते. (जिन्याने या, असं जावई म्हणाला. जावई वाईट नाही हे वर लिहिलंच आहे, पण सुचतं त्याला नको तेव्हा.)

आता फळीचं सांगतो. सगळं रामायण त्या फळीमुळे झालं.

लग्नाआधी चार वर्षं मी मुंबईला एका बोटींच्या क्लबात खलाशी होतो. तिथे साहेब लोक पायाखाली फळी घेऊन पाण्यावरून पळायचे. पुढे मशीनची बोट. तिला लांब दोर. दोराच्या टोकाला दांडी, ती हातात धरायची. फळी एकच. तिच्यावर रबराचे दोन जोडे ठोकलेले, एक पुढे, एक मागे, त्यात पाय घालायचे. पाण्यात सहा बोये, म्हणजे खुणेचे तरंगते डबे, सोडलेले असतात, तीन या अंगाला, तीन त्या अंगाला. बोट मधून सरळ जाते. मागच्या माणसाने एकदा इकडे, एकदा तिकडे झोकून एकेका बोयाला बाहेरून वळसा घालायचा आणि शेवटपर्यंत उभं राहायचं. खेळ एवढाच. साहेब लोक संध्याकाळी यायचे. सकाळी मशीन तपासायचं असायचं आणि मागे लोंबायला कोणीतरी लागायचं. तो मी. असा शिकलो.

एकदा स्पर्धा झाली. त्यात मी तिसरा आलो. गावात सगळ्यांना मी हे सांगितलं आणि सगळे "वा वा" म्हणाले. लग्न झाल्यावर सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "कितीत?"

तिघांत. (तिसरा गडी कमी पडत होता, म्हणून मला उभा केला होता.) चाळीस वर्षांत हे फक्त तिने विचारलं.

क्लबाने मला कप दिला नाही, शेपटाला तडा गेलेली एक जुनी फळी दिली. मी ती घरी आणली. सुमनने ती उलटीसुलटी करून बघितली. "कप दिला असता तर तांदूळ मापायला झाला असता. ह्याचं काय करू?" असं म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिनेच करून टाकलं. स्वयंपाकघराच्या भिंतीत दोन लोखंडी कोन ठोकून घेतले आणि त्यावर फळी आडवी टाकली. पुढच्या जोड्यात तेलाचा डबा. मागच्या जोड्यात मिठाची बरणी. मधल्या जागेत हळद-मसाला, टोकाला लोणचं. ते तेल आणि ते मीठ तिथे चाळीस वर्षं उभं होतं. मी फळीकडे बघून एखाद वेळी म्हणायचो, "सुमन, ह्या फळीवर मी पाण्यावर उभा राह्यलोय." ती म्हणायची, "हो. मीठ द्या."

तर पलंगाची बातमी आली त्याच आठवड्यात मी बोईसरला गोळ्या आणायला गेलो आणि रिक्षा स्टँडजवळ बोर्ड बघितला. किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टने पाण्यावरच्या खेळांची स्पर्धा ठेवली होती. खाली फळीवाल्याचं चित्र. त्याच्याखाली लिहिलेलं, 'प्रौढ गट : वय पस्तीसच्या वर'. मी पस्तीसच्या बराच वर होतो, पण बोर्डावर 'किती वर' ते लिहिलं नव्हतं.

माझ्या डोक्यात सरळ गणित बसलं. जो माणूस पाण्यावर उभा राहू शकतो, तो घरात एकटा राहू शकत नाही असं कोण म्हणेल? गोळ्या न घेताच रिक्षा केली.

रिसॉर्टच्या टेबलावर एक मुलगी बसली होती.

"काका, फॉर्म कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

तिने माझ्या मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"पूर्वीचा अनुभव?"

"तिसरा आलोय."

"वा. कधी?"

"तुझ्या बापाचं लग्न व्हायचं होतं तेव्हा."

तिने फॉर्म दिला, आणि साठीच्या वरच्या माणसाला घरच्यांची सही लागेल असं सांगितलं. घरचं आता एकच उरलं होतं आणि ते रविवारी येणार होतं.

वैशालीने फॉर्म वाचला. मास्तरीण असल्यामुळे तिने आधी माझ्या दोन चुका लाल पेनाने सुधारल्या. मग मजकूर तिच्या डोक्यात शिरला.

"पपा, हे काय आहे?"

"स्पर्धा."

"तुम्हाला बाथरूममध्ये धरायला दांडा लावून घ्या म्हणून मी सहा महिने सांगतेय."

"इथंपण दांडी असते. हातातच देतात."

तिने लाल पेनाला टोपण लावलं. आईसारखंच सावकाश लावलं, त्यामुळे मला कळलं की आता काहीतरी कडक येणार.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आधी मला दाखवा. पुढच्या रविवारी, आपल्या खाडीत, सहा बोये. न पडता सहा झाले तर मी सही करते, आणि पालघरचं नाव परत काढणार नाही. पडलात तर वर्षश्राद्धाची वाट नाही बघायची. त्याच दिवशी पिशवी भरायची. कबूल?"

"कबूल."

"आणि लाइफ जॅकेट घालायचं."

"ते नाय कबूल."

"पपा."

"कबूल."

सोमवारी मी फळी भिंतीवरून उतरवली. डबे, बरण्या खाली वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या. मग जोडे तपासले. पुढचा जोडा एकदम मऊ होता, कारण त्यात तेलाचा डबा होता आणि तो चाळीस वर्षं थोडा थोडा गळत होता. मागच्या जोड्यात मीठ. तो जोडा दगड झाला होता. गरम पाण्यात ठेवला, खोबरेल चोळलं, उन्हात ठेवला. मंगळवारी संध्याकाळी त्यात पाय शिरला. शिरला तो निघेना. मी फळी पायात घालून स्वयंपाकघरात पाऊण तास बसलो. शेवटी डब्यातलं तेल घोट्यावर ओतलं तेव्हा सुटलो. यावरून एखादा शहाणा माणूस काहीतरी शिकला असता.

बोट हरेश्वरची. हरेश्वर माझा लहानपणापासूनचा दोस्त, त्याचा मासेमारीचा धंदा. फायबरची होडी, मागे नवं मशीन. त्याला मी सगळं समजावून सांगितलं. त्याने विडी पेटवली.

"तुला ओढायचा, एवढंच ना? वजन किती तुझं?"

"अठ्ठेचाळीस."

"वहिनी होत्या तेव्हा?"

"एकसष्ट."

हरेश्वरने विडीकडे बघितलं आणि म्हणाला, "मशीनला सोपं पडेल."

त्यानेच जुन्या जाळ्याचे सहा बोये आणले, पिवळे, डबड्याएवढे. त्यांना दगड बांधून आम्ही ते खाडीत सोडले. बुधवारी पहिला सराव. मी पाण्यात, फळी पायात, दांडी हातात. हरेश्वरने मशीन मारलं. मी उभा राहिलो नाही, पण खाडी बरीच प्यायलो. गुरुवारी गुडघ्यापर्यंत वर आलो. शुक्रवारी उभा राहिलो. खरंच उभा राहिलो. चाळीस वर्षांनी पायाखाली तो खरखराट आला आणि मी ओरडलो, "सुमन, बघ." मग लाजून खोकलो. हरेश्वरला मशीनच्या आवाजात ऐकू गेलं नसावं. त्याने कधी तो विषय काढला नाही.

पण बोयांपाशी आलो की घोटाळा व्हायचा. बोटीने मधून सरळ जायचं असतं. हरेश्वर मात्र पहिला बोया दिसला की होडी वळवायचा. दुसरा दिसला की परत वळवायचा. मी सरळ आणि होडी नागमोडी. दोन बोये झाले की आम्ही दोघं एकमेकांच्या समोर यायचो.

"हऱ्या, सरळ चालव."

"मी सरळच चालवतोय. हात वळतो. पन्नास वर्षं दुसऱ्याच्या बोयापास्नं लांब जायचं शिकलोय. बोया म्हणजे खाली जाळं. जाळं पंख्यात गेलं तर पंखा पण गेला न् जाळंवाली मला पण खाईल."

"अरे खाली दगड हायेत. तूच बांधलेस."

"मला माहीत हाय. हाताला कुठं माहीत हाय?"

शेवटी त्यानेच तोड काढली. समोरच्या काठावर एक वाकडा माड आहे. त्याने ठरवलं की पाण्याकडे बघायचंच नाही, नजर फक्त माडावर ठेवायची. शनिवारी तसं केलं. होडी सुतासारखी सरळ गेली. मी चार बोये मारले आणि पाचव्याला पडलो. म्हटलं, उद्या होणार.

आता मथुराबाई. ती सुमनची जिवाभावाची मैत्रीण. कोळीण. नवरा वारल्यापासून खाडीतलं जाळं तीच टाकते, तीच ओढते आणि मासळी तीच विकते. सुमन गेल्यापासून रोज सकाळी माझ्या ओटीवर साफ केलेली मासळी ठेवायची. "भाऊजी, कापून दिलीय. शिजवा तरी," म्हणायची. मी "हो" म्हणायचो आणि मांजराला घालायचो. मांजर एकसष्ट किलोचं झालं नसेल, पण त्या वाटेला होतं.

तिला आमच्या खेळाचं काहीच ठाऊक नव्हतं. ती सकाळी बाजारात असते, आम्ही सराव दुपारच्या भरतीला करायचो. चार दिवस येता-जाता तिला फक्त एवढंच दिसलं की हरेश्वरने खाडीत दोन ओळींत सहा बोये टाकलेत. हरेश्वरसारखा जुना माणूस एका जागी सहा बोये टाकतो म्हणजे तिथे मासळी असणारच, असं तिने धरलं. तिच्या जागी कोणीही हेच धरलं असतं. शनिवारी संध्याकाळी तिने गुपचूप एका ओळीच्या शेवटाला आपलं जाळं लावलं आणि त्याच्यावर आपला बोया सोडला. पिवळाच. डबड्याएवढाच.

रविवार उजाडला. वैशाली नारिंगी जॅकेट घेऊन आली. ते मी कारखान्यातल्या जुन्या निळ्या कपड्यांवर चढवलं. (मी तीस वर्षं तारापूरला एका कारखान्यात होतो. ते कपडे फाटत नाहीत.) चष्मा वैशालीकडे दिला. ती छत्री घेऊन धक्क्यावर बसली. हरेश्वरने माडाला नजर लावली.

"पपा, नको वाटलं तर आत्ताच सांगा," वैशाली म्हणाली.

"पिशवी कुठाय तुझी?"

"कुठली पिशवी?"

"माझे कपडे भरायची. रिकामीच न्यायला लागेल, म्हणून विचारलं."

मशीन सुरू झालं. मी वर आलो. पहिला बोया डावीकडून. दुसरा उजवीकडून. पाणी उडत होतं, मला समोर नुसते पिवळे ठिपके दिसत होते, पण एकेक ठिपका येत होता आणि मी त्याला वळसा घालत होतो. तिसरा. चौथा. चौथ्याला मला इतका आनंद झाला की पुढे मोजायचं राहून गेलं. पाय आपोआप चालत होते. पिवळं दिसलं की झोकायचं, पिवळं दिसलं की झोकायचं. मग आणखी एक पिवळं दिसलं. त्यालाही झोकलो.

फळीच्या पोटाला मागच्या बाजूला लोखंडाचं पातं असतं. ते मथुराबाईच्या जाळ्याच्या वरच्या दोरात अडकलं.

क्लबात पहिला धडा हाच देतात की पडताना दांडी सोडायची. मी सोडली नाही. वैशाली बघत होती, आणि दांडी सोडली म्हणजे पडलो असा त्याचा अर्थ झाला असता. पुढचा पाय तेलाच्या जोड्यातून सळकन निघाला. मागचा मिठाच्या जोड्यात पक्का. म्हणजे मी फळीला, फळी जाळ्याला, जाळं दगडांना आणि मी परत हरेश्वरच्या होडीला. दगड उपटले. मी आडवा झालो आणि जाळं माझ्याभोवती गुंडाळत गुंडाळत आम्ही सगळे समोरच्या काठाकडे निघालो.

हरेश्वर माडाकडे बघत होता. होडी जड झाल्याचं त्याला कळलं होतं. नंतर म्हणाला, "मला वाटलं तू जोरात खेळतोयस."

त्याच वेळी मथुराबाई टोपली घेऊन धक्क्यावर आली. मग धक्क्यावरून दोन बायका एकदम ओरडल्या.

"माझे पपा!"

"माझं जाळं!"

दुसरा आवाज मोठा होता. होडी थांबली ती त्यानेच.

हरेश्वरने वळसा घेऊन मला तसाच गुंडाळलेला धक्क्याच्या उतारावर आणून टाकला. जाळ्यात सात शिंगाळे मासे, दोन चिंबोऱ्या आणि मी. शिंगाळ्याला काटे असतात आणि त्यांनाही ही सोबत आवडली नव्हती. वैशाली धावत आली. माझा श्वास चालू आहे, हे बघितल्यावर तिने मला जे बोलायचं ते बोलून घेतलं, ते लिहीत नाही. मथुराबाई आधी जाळ्याच्या टोकापासून फाटकं मोजत आली आणि शेवटी माझ्यापाशी पोचली.

"भाऊजी, तुमी हितं काय करताव?"

"स्पर्धा."

"माझ्या जाळ्याशी?"

वैशाली म्हणाली, "मावशी, सुरी द्या. कापून काढू या."

"काय कापू या?"

"जाळं."

"जाळ्याला सुरी लागणार नाय. म्हाताऱ्याचा पाय कापा पायजे तर."

"मग तो रबराचा जोडा कापा," हरेश्वर म्हणाला.

"जोड्याला हात लावायचा नाय," मी जाळ्यातून म्हणालो. "तिथं सुमनचं मीठ असतं."

हरेश्वरने जोड्यावरचा हात काढला. एका शिंगाळ्याने तेवढ्यात मला मांडीला टोचलं.

मग भांडण जोरात सुरू झालं. मथुराबाई म्हणे, माझा बोया दिसला नाही का? हरेश्वर म्हणे, मी माड बघत होतो. मथुराबाई म्हणे, होडी चालवणारा माड बघतो ते कशाला? मी म्हणे, तू आमच्या ओळीत जाळं लावलंसच का? ती म्हणे, सहा बोये दिसले, मासळी असणार असं वाटलं, मला काय ठाऊक की म्हाताऱ्याला पळवायला टाकलेत? गाव जमायला लागलं. कोणीतरी फोनवर फोटो काढला. तो पुढे उमरोळी आणि सफाळ्यापर्यंत गेला, असं ऐकतो. त्यात चिंबोरी माझ्या कानापाशी आहे.

एक तास झाला. मग मला स्वयंपाकघरातल्या त्या पाऊण तासाची आठवण झाली.

"वैशाली, घरी जा. स्वयंपाकघरात खाली तेलाचा डबा हाय, तो आण. तेलाने निघतो."

ती गेली. घर धक्क्यापासून दोन मिनिटांवर. ती दहा मिनिटांनी आली. डबा हातात होता. खाली वर्तमानपत्रावर बरण्या मांडल्या होत्या, त्यात लोणच्याची होती. सुमनने गेल्या साली घातलेलं. तोंडाला फडक्याचा दादरा बांधलेला तसाच होता, अकरा महिने मी तो सोडला नव्हता. सोडला की ते संपणार. तिने ती बरणी बघितली असणार. मी काही विचारलं नाही. माणूस जाळ्यात असताना असले प्रश्न विचारायचे नसतात.

तिने स्वतः माझ्या घोट्यावर तेल ओतलं. पाय सुटला. मग मथुराबाईने एकेक आसू, म्हणजे जाळ्याचा फासा, सोडवत मला पंधरा मिनिटांत मोकळा केला, जाळ्याला सुरी न लावता. हात तिचाच.

मी उठून बसलो. वैशालीने पदराने, म्हणजे ओढणीने, माझं तोंड पुसलं आणि हळूच म्हणाली, "पपा, पडलात ना?"

"सहा झाले होते. सातव्याला पडलो."

"कोणी बघितले सहा?"

मी हरेश्वरकडे बघितलं. त्याने माडाकडे बघितलं. मथुराबाई आली तेव्हा मी आडवाच होतो. "तू बघत होतीस ना?" मी वैशालीला म्हणालो.

तिने मान खाली घातली. "दुसऱ्यानंतर मी डोळे मिटून घेतले. भीती वाटत होती."

म्हणजे माझे सहा बोये बघितलेला एकही माणूस या जगात नव्हता. सुमन असती तर तिने मोजले असते. आणि पाचच झाले असते तर पाचच सांगितले असते.

"मग पालघर," वैशाली म्हणाली. पण रविवारी म्हणते तशी म्हणाली नाही.

"कुठं पालघर?" मथुराबाई फाटकं जाळं आवरता आवरता वर बघून म्हणाली. "कोण चाललं?"

वैशालीने तिला पैज सांगितली, पलंग सांगितला.

"पोरी, तुला आमच्याकडची रीत ठाऊक हाय ना? जाळ्यात आलं ते जाळंवाल्याचं. शिंगाळे माझे, चिंबोऱ्या माझ्या, फळी माझी, म्हातारा माझा."

"मावशी, हसण्यावारी नेऊ नका."

"हसतंय कोण? आणि ज्याने जाळं फाडलं त्याने बसून विणून द्यायचं, ही पण रीत हाय. बघ, हात पसरून आठ वाव फाटलंय. ते पुरं झाल्याबिगर हा माणूस रेल्वेच्या फाटकापलीकडं जाणार नाय. रोज सकाळी माझ्या अंगणात येऊन बसायचं. दुपारी जेवून उठायचं."

"जेवण कशाला?" मी विचारलं.

"उपाशी माणसाची गाठ सैल बसते. आणि भाऊजी, त्या मांजराला मी पंधरा दिवस बघतेय. मला काय डोळे नाय?"

वैशालीने माझ्याकडे बघितलं, मग मथुराबाईकडे. बराच वेळ तिचा काहीतरी हिशेब चालला होता.

"जाळं पुरं व्हायला किती दिवस लागतील, मावशी?"

"माझ्या हाताने चार."

"आणि पपांच्या?"

मथुराबाईने माझे हात उलटेसुलटे करून बघितले. सुमनने फळी बघितली होती तसे. "ह्यांना विणता येतं का?"

"चिकू काढता येतात," मी म्हणालो.

"मग काय सांगता येत नाय," मथुराबाई म्हणाली.

वैशालीने फॉर्म पर्समधून काढला, चार तुकडे केले आणि माझ्या निळ्या खिशात घातले. पिशवी तिने आणलीच नव्हती, ते मला नंतर कळलं.

मथुराबाईने तो दिवस बाजारात जसा सांगितला तसा गावभर झाला. सात शिंगाळे लगेच गेले. चिंबोऱ्यांवरून दोन बायका भांडल्या. आणि तिसरं काय लागलं ते सांगितल्यावर लोक पोट धरून हसले, पण भाव कोणी विचारला नाही.

तेव्हापासून मी रोज सकाळी तिच्या अंगणात जाळं विणतो. माझी गाठ बसत नाही. मी चार आसू घालतो, त्यातले तीन ती "हे काय घातलंय?" म्हणून सोडते. दर रविवारी वैशाली येते आणि माझ्या आधी तिच्याकडे जाते.

"कुठवर आलं, मावशी?"

"दीड वाव पण नाय. तुझ्या बापाला काय घाई हाय का?"

वजन माझं त्रेपन्न झालं आहे. मांजर रागावून दुसऱ्या घरी गेलं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मथुराबाई फळी डोक्यावर घेऊन आली. तिची होती, तिने परत दिली. आम्ही दोघांनी ती कोनांवर जशी होती तशी टाकली. वैशालीने लोणच्याची बरणी उघडली, मी नको म्हणायच्या आत, आणि पानांवर सगळ्यांना वाढलं. थोडं खारट झालं होतं. सुमनचं नेहमीच व्हायचं.

तेलाचा डबा परत पुढच्या जोड्यात आहे. मिठाची बरणी मागच्या. चाळीस वर्षं झाली, एकदाही पडली नाहीत. स्पर्धेला खरं म्हणजे त्यांनाच पाठवायला पाहिजे होतं.